भिंतीतले गडी

बसू, तुझी स्लाइड काल दुपारी तयार झाली. सकाळपासून मी तिला हात लावायचं टाळत होते. आधी सगळ्यांचे रक्ताचे नमुने उरकले, मग थुंकीचे, मग ज्यांची काही घाई नव्हती असे दोन-चार तुकडेही बघून टाकले. शेवटी टेबलावर तू एकटाच उरलास. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिलं, दाराला आतून कडी घातली आणि रडून घेतलं. तू असतास तर वैतागला असतास. ‘रडायचंय तर रड, पण आधी रिपोर्ट लिही,’ हे तुझं ठरलेलं वाक्य.

रिपोर्ट लिहिलेला नाही. लिहून देऊ कुणाला? त्या तुकड्यात काय दिसलं याची वाट बघणारं एकच माणूस आहे, औशाच्या तुझ्या घरात, आणि त्या माणसाला अक्षरओळख नाही. तुझी आई. आपल्या अव्वा. त्यांच्या हातच्या तुपानं तू गेलास की नाही, हे मला त्यांना तोंडी सांगायचं आहे. उद्याच्या गाडीनं निघते. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून बसले आहे, कारण या विषयावर मी आजवर तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी धड बोललेलेच नाही.

लातूरच्या दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. मी गेले होते. ‘मनमिळाऊ, निगर्वी, मितभाषी’ हे तिन्ही शब्द एकाच भाषणात आले आणि मी खुर्चीत चुळबुळ करत राहिले. मितभाषी? तू? एस.टी.च्या कँटीनमध्ये तू बोलायला लागलास की माझ्या चहावर साय धरायची. मनमिळाऊ म्हणावं तर अर्ध्या दवाखान्याशी तुझा अबोला. माणूस गेला की त्याला अशी कडक इस्त्री करून ठेवतात. मला तू चुरगळलेलाच आठवतोस: वरच्या खिशात सिगारेटचं पाकीट, बाहीला फॉर्मॅलिनचा वास, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोंडात ‘न्हाई न्हाई न्हाई’.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तुला काय आनंद झाला होता! धडपड करून बदली मागून घेतलीस. औरंगाबादला आपण एकत्र शिकलो, एकत्र नोकरीला लागलो. मी भोकरची, म्हणून नांदेड धरलं, आणि तू ‘आपल्या जिल्ह्याचा आपला दवाखाना’ म्हणत लातूरला गेलास. दवाखान्यावर नवी पाटी लागली. पाटीवर ‘जिल्हा’ हा शब्द आला, आत खाटा त्याच आणि खोल्या त्याच. पोस्टमॉर्टेमच्या खोलीचे पत्रे चाळणीसारखे होते, पण त्या सालापासून पावसानंच पाठ फिरवली म्हणून तेवढं निभलं.

मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढायचं यंत्र मात्र नांदेडला, माझ्याकडे. मग तू तुझी ती पद्धत काढलीस. पोस्टमॉर्टेम झालं की आधी मयताच्या नातेवाइकांना विचारायचास. बहुतेक जण नको म्हणायचे. तेव्हा हुज्जत न घालता शिवून द्यायचास. जे हो म्हणतील त्यांच्या माणसाच्या महाधमनीचा बोटभर तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत घालायचा, बरणीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि ती लातूर-नांदेड गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. एकदा मी लातूरला आले असताना माझ्यासमोरच कंडक्टरनं विचारलं होतं, ‘डाक्टर, दर हप्त्याला काय धाडता, लोनचं का?’

‘हाव. लई मुरलेलं हाय. उघडू नगा, वास सोसणार न्हाई तुमाला.’

त्या बिचाऱ्यानं शेवटपर्यंत ती बरणी आपल्या सीटखाली इमानानं सांभाळून आणली. आता तो मला स्टँडवर भेटतो आणि विचारतो, डाक्टरसाहेब लोणचं पाठवत नाहीत का. तू गेलास हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आपलं भांडण त्या बरण्यांवरूनच जुंपलं. तुला आठवतं ना, विहिरीच्या कामावर कडा कोसळून गेलेला तो तरुण? दुष्काळी कामावरची माणसं, रेशनच्या लाल ज्वारीची भाकरी खाऊन राबणारी. त्याची महाधमनी उभी चिरून मी ताटलीत पसरली आणि चरबीला लाल रंगवणारं द्रावण टाकलं. आतल्या अस्तरावर लालसर रेघा उठल्या. मिसरूडही नीट न फुटलेला मुलगा आणि त्याच्या रक्तवाहिनीत चरबीच्या रेघा! तू बरणीला चिठ्ठी अडकवली होतीस: ‘ह्यानं जन्मात पावशेर तूप खाल्लं नसेल. आता बोल.’

मी काय बोलणार होते? सगळे तेव्हा नळाचीच गोष्ट सांगत होते. डॉक्टर सांगायचे, पेशंट सांगायचे, पेपरात यायचं: रक्तवाहिनी म्हणजे नळ, वरून तूप-तेल ओतलं की आत गाळ बसतो आणि एक दिवस नळ तुंबतो. आपल्याकडे तर बोअरच्या पाण्यानं नळात खडू साठलेला घरोघरी पाहिलेला, त्यामुळे ते कुणालाही लगेच पटायचं. लिंबू-गरम पाणी पिऊन नळ धुऊन काढणारे किती जण तुझ्याकडे यायचे. तू चिडायचास. ‘अगं, नळ मेलेला असतो. ही भिंत जिती हाय. तिच्यात माणसं राहून राहिलीत.’

माणसं म्हणजे पेशी. धमनीच्या भिंतीला तीन थर. त्यातल्या मधल्या थरात स्नायूंच्या पेशी गोलाकार गुंडाळलेल्या असतात. आवळायचं आणि सैल सोडायचं, एवढंच त्यांचं काम. तू त्यांना ‘भिंतीतले गडी’ म्हणायचास. वाढलेला रक्तदाब, सिगारेट, साखर, यांनी आतलं नाजूक अस्तर दुखावलं की रक्तातली चरबी भिंतीत शिरते, तिच्यामागे रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरतात आणि चरबी खाऊन फुगून बसतात. इथवर आपलं दोघांचं एकमत होतं. पुढचं भांडण गड्यांवरून. कारण मग हे गडीसुद्धा मधला थर सोडतात, दोन थरांमधल्या पडद्याच्या फटीतून आत सरकतात, आवळायचं आपलं काम विसरतात आणि नवंच काम धरतात. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. काही चरबी गिळून स्वतःच फेसाळ होतात, काही धागे विणत बसतात. बघता बघता भिंत आतून जाड होते आणि रक्ताची वाट बारीक होते.

माझं म्हणणं सरळ होतं. खरे गुन्हेगार हेच. चरबी बाहेरची आहे, ती तिच्या वळणावर जाणार. पण ज्यांना घर सांभाळायला ठेवलं तेच काम टाकून आत घुसले आणि वाट अडवून बसले. तुला त्यांचा असा काही पुळका यायचा की जणू तुझ्याच शेतावरचे सालदार! ‘त्यांनी काय करायचं मग? आत चरबीचा चिखल साचून राहिलाय. वरून रक्त धडका मारून राहिलंय. हेच तर धागे विणून त्या चिखलावर झाकण घालतात. झाकण न्हाई घातलं तर चिखल फुटून रक्तात येईल, जागच्या जागी गाठ होईल, अन माणूस खल्लास. वाट बारीक झाली तर माणूस दम खात खात का होईना, जगतो. शकू, तू रिपोर्टात त्यांना शिव्या घालू नकोस.’

रिपोर्टात मी शिव्या कधीच घातल्या नाहीत. तोंडी मात्र घातल्या, आणि तूही माझ्या बुद्धीचा यथेच्छ उद्धार केलास. माझे यजमान म्हणायचे, तुम्ही दोघं मेलेल्यांच्या नसांवरून जेवढं भांडता तेवढं आम्ही जमिनीवरून भांडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पेशी करतात हे आपल्या दोघांनाही दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की शेवटच्या हिशेबात त्या मारतात की तारतात. तू म्हणायचास, ‘म्या मेलो की माझी बघ. तवा कळंल.’ हे तू इतक्या वेळा म्हणालास की मी ऐकायचंच सोडून दिलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कँटीनमध्ये तू बशी खाली ठेवलीस आणि छातीवर मूठ ठेवून दाखवलंस. पेशंट दाखवतात तशी, अगदी तशीच मूठ. जिना चढलं की इथं दुखतं, थांबलं की राहतं, म्हणालास. हैदराबादला चल, मी म्हटलं, हृदयाच्या धमन्यांचा फोटो काढून घे. पुढच्या भेटीत तेच म्हटलं. प्रत्येक भेटीत म्हटलं. तू हसायचास. ‘अगं, दुखणं जसंच्या तसं हाय. त्याच पायरीला दुखतं, त्याच पायरीला राहतं. म्हंजे काय? म्हंजे झाकण पक्कं झालंय. गडी आपलं काम करून राहिलेत. तू खामखा फिकीर करून राहिलीस.’

बसू, मला तुझा राग येतो. हे मी शोकसभेत बोलू शकले नाही, म्हणून इथं लिहिते. एखादा अडाणी माणूस छातीतल्या कळेला गॅस समजून ओवा खात बसला असता तर मी समजून घेतलं असतं. तू मात्र शिकून-सवरून, शेकडो धमन्या चिरून, आपल्याच सिद्धांतावर डोकं टेकून झोपलास. बरं, सिगारेट तरी सोडायचीस. पोस्टमॉर्टेमच्या खोलीतला वास जात नाही म्हणून ओढतो म्हणायचास, आणि तो वास नसायचा तेव्हाही ओढायचास. आतलं अस्तर रोज स्वतःच्या हातानं दुखवायचं आणि त्याखालच्या गड्यांवर भरवसा ठेवायचा, ही कुठली रीत?

तू गेलास त्या दिवशी मी लातूरलाच होते, कोर्टात एका केसची साक्ष होती. सकाळी विश्रामगृहावर निरोप आला आणि मिळेल त्या जीपनं औशाला पोचले. तुझ्या गल्लीत पाण्याचा टँकर अजून उभाच होता. तू अव्वांना रांगेत थांबू न देता स्वतः दोन घागरी भरून आणल्यास, ओट्यावर ठेवल्यास, शेजारी टेकलास आणि ‘अव्वा, जरा प्यायला दे’ म्हणालास, एवढंच. त्या आतून तांब्या घेऊन येईपर्यंत तू गेला होतास. घरात दुसरं पाणी नव्हतं. तू भरलेल्या त्याच घागरींतल्या पाण्यानं तुला आंघोळ घातली.

मी दारात उभी होते तर तुझे काका माझ्याकडे आले. डोळे कोरडे, आवाज कामाचा. ‘बाई, तुमी डाक्टर हाव. अंग कवापतुर ताठंल ते सांगा. तेवढ्यात बसवायचं हाय त्याला.’

मला आधी काही कळलंच नाही. मग लक्षात आलं. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवा नेऊन जाळत नाहीत. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसलेला मातीत ठेवतात. आणि ताठलेलं अंग मांडी घालत नाही. शवविच्छेदनाच्या वेळी नवशिक्या डॉक्टरांना इतकी वर्षं शिकवलेलं मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं: आधी जबडा आणि मान, मग हात, मग पाय, उन्हाळा आहे, लवकर होईल, दुपारच्या आत बसवा. माझ्याच तोंडातून तुझ्या अंगाबद्दल हे बाहेर पडत होतं आणि काका मान डोलावून ऐकत होते. आयुष्यात इतकं परकं मला कधी वाटलं नाही.

तुझी धमनी बघायचा विषय काढायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. त्या घरात, त्या माणसांत, कुठल्या तोंडानं काढणार? अव्वांनीच मला चुलीपाशी बोलावलं. चूल विझलेली होती. त्या पाटावर बसल्या होत्या आणि बाहेरच्या सोप्यातलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

‘शकू, तो म्हनायचा, म्या मेलो की शकू मला उघडून बघंल. खरं का?’

‘म्हणायचा अव्वा. चेष्टेत म्हणायचा.’

‘भायेर बायका काय बोलून राहिल्यात, ऐकलंस? आईनं तूप घालघालून लेक मारला. ल्हानपनापासनं घातलं म्या. भाकरीवर घातलं, भातावर घातलं. एकुलता एक, बिनबापाचा. लगीन केलं न्हाई, मंग कोन खाऊ घालणार त्याला? मीच घातलं.’ मग म्हणाल्या, ‘बघितल्यावर कळंल का तुला, तुपानं गेला का कशानं?’

‘कळेल,’ मी म्हटलं.

‘मंग बघ. पर त्याला नीट बसता आलं पायजे. अन त्याच्या हातातलं लिंग म्याच काढीन, म्याच परत ठिवीन.’

काका आडवे आले. मयताची विटंबना म्हणाले, स्वामींना काय सांगायचं म्हणाले. अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. औशाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भराभर काम केलं. मी फक्त तुझं हृदय हातात घेतलं, त्याच्या धमन्यांचे दोन छोटे तुकडे काढले आणि हृदय जागच्या जागी ठेवून दिलं. बरणी माझ्याकडे नव्हती. अव्वांनी घरातली एक दिली, धुऊन पुसून.

रुद्रभूमीत, तुमच्या स्मशानात, जमीन इतकी कडक होती की खणणाऱ्यांना खड्डा आणि त्यातला कोनाडा पुरा करायला पहार बदलावी लागली. तुला बसवलं. विभूती लावली, बेल वाहिला, रीतीप्रमाणे स्वामींनी तुझ्या डोक्याला पाय लावला. अव्वांनी खाली वाकून तुझ्या तळहातावर लिंग ठेवलं. तुझी मान तेवढी ताठली होती, ती काही झुकेना. तशी ती जिवंतपणीही कुणापुढे झुकली नव्हती. तू खड्ड्यात बसलेला होतास, कँटीनच्या बाकावर बसायचास तसाच थोडा डावीकडे कललेला, आणि मला वाटलं आता हा ‘न्हाई न्हाई न्हाई’ म्हणेल. मग तुझ्या अंगाभोवती मिठाची पोती रिकामी झाली आणि माती लोटली.

नांदेडला परत आल्यावर तुझ्या तुकड्यांचे काप मी स्वतः काढले. रंग दिल्यावर स्लाइड वाहत्या पाण्यात धुवावी लागते. जांभळा रंग त्याशिवाय निळा होत नाही. आपलं जड पाणी त्याला फार चांगलं, हे तूच मला दाखवलं होतंस. पण प्रयोगशाळेच्या नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता. घरच्या माठातलं प्यायचं पाणी तांब्यानं आणलं आणि थोडं थोडं करून ओतत राहिले.

आता ऐक काय दिसलं ते.

जिथं तुझं दुखणं होतं ती जागा मी ओळखली. वाट बारीक झालेली, पण वर जाड, पांढरं, दणकट झाकण. धाग्यांचे थरावर थर आणि त्यांत गडी ओळीनं पहुडलेले, लांबट, शांत. तू म्हणत होतास अगदी तसंच. ते झाकण आणखी वीस वर्षं टिकलं असतं. आणि तिथून बोटभर अंतरावर, दुसऱ्या धमनीत, दुसरी एक जागा होती. तिथं वाट जवळजवळ मोकळी होती. ती तुला कधी दुखली नसणार, तिचा तुला पत्ताच नसणार. तिच्यावरचं झाकण कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. शोधून शोधून मी थकले, तिथं गडी जवळजवळ उरलेलेच नव्हते. कडेला फेसाळ पेशींची दाटी, आत चिखल, आणि त्या दाटीपाशीच झाकण फाटलेलं. फाटल्या जागेवर रक्ताची गाठ.

म्हणजे वाद तू जिंकलास, बसू. गडी होते तिथं भिंत टिकली. ते नव्हते तिथं फुटली. मी त्यांना गुन्हेगार म्हणत होते ते चूक होतं, निदान तुझ्यापुरतं तरी. आणि तू तरीही मेलास, कारण एका झाकणाच्या भरवशावर तू सगळ्या घराची हमी घेतलीस. असले डाग जागोजागी असतात, एक पक्का असला तरी दुसरा कच्चा असतो, हे तूच नवशिक्या पोरांना शिकवायचास. हे तुला ओरडून सांगायला मी काल खुर्चीवरून उठलेसुद्धा होते. कुणाला सांगू? तुझ्याएवढं हे कुणालाच कळणार नाही, आणि तुझ्याएवढा आनंदही कुणाला होणार नाही. माझ्याशी बरोबरीनं भांडणारं माणूस गेलं, एवढंच मला कळतं. तू मला फार हवा होतास.

आता अव्वांचा प्रश्न. तूप अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हटलं नसतंस. चिखल कुठून तरी येतोच. पण सिगारेट तू ओढलीस, रक्तदाब तू मोजला नाहीस, आणि जिथं फुटलं तिथं कमी पडलं ते झाकण. ज्याच्या घरी तूप बघायला मिळालं नाही त्या पोराच्या धमनीत रेघा आपण दोघांनी पाहिल्या आहेत. सत्तर वर्षांच्या बाईला यातलं किती सांगायचं? उद्या बघू.

इथवर लिहून ठेवलं होतं. रात्री औशालाच राहिले, आज दुपारी परत आले.

अव्वा सोप्यात बसल्या होत्या. तुझा शर्ट खुंटीवर तसाच आहे. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. भिंतीचं सांगितलं, गड्यांचं सांगितलं, दोन जागांचं सांगितलं. सिगारेटचं सांगितलं तेव्हा त्या ‘मला ठावं होतं’ म्हणाल्या. बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग हात वर करून मला थांबवलं.

‘पोरी, मला एवढं कळत न्हाई. एकच सांग. माझ्या तुपानं गेला का? हाव का न्हाई?’

मी म्हटलं, ‘न्हाई अव्वा.’

‘नक्की?’

‘नक्की. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.’

मला वाटलं, आता त्या रडतील आणि मोकळ्या होतील. गल्लीतल्या बायकांना तोंड देतील. तेवढ्यासाठीच तर मी चार तासांचा प्रवास करून आले होते. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे न बघता, दाराबाहेर बघतच बोलायला लागल्या.

‘दोन साल झाले, त्याच्या छातीत दुखतं म्हनून कळलं मला. त्यो न्हाई सांगितला, औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं. म्हनला, अव्वा, तूप बंद करा, न्हाई तर लेक जाईल. तवापासनं थेंब न्हाई घातला म्या. कोरडी भाकर घातली. त्यो काई बोलला न्हाई, निसता हासला अन खाल्ली.’

मला हे माहीत नव्हतं. तूपच सगळं नाही म्हणून माझ्याशी भांडणारा तू, आईपुढे ताटावर गप्प बसत होतास, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

‘गेल्या येळवशीच्या सणाला वावरात जेवाय बसलो. पीक नव्हतं काई, तरी पुजा केली, खीर केली. समद्यांच्या पानात तूप वाढलं. त्यानं बी पान म्होरं केलं. म्हनला, अव्वा, आज येळवस हाय, एक डाव घाल. म्या भांडं उचलून मागं ठिवलं.’ त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘तुपानं जाणारच नव्हता, तर म्या कशापायी न्हाई म्हनलं त्याला?’

बसू, मी त्यांच्याजवळ अंधार पडेपर्यंत बसून राहिले.